चलानाला पावती आहे, चोरीला का नाही?

‘चोर काही सापडत नाहीत, पण हेल्मेट विसरलेला माणूस पोलिसांना बरोबर सापडतो.’ लहान गावात घरफोडी झाली की दुसऱ्या दिवशी हे वाक्य कुणाच्या ना कुणाच्या तोंडी येतंच. गावाच्या तोंडाशी नाकाबंदी लागलेली असते, दुचाकीवाले रांगेत उभे असतात, आणि रात्री ज्याचं कपाट फुटलं त्याच्याकडे पंचनाम्याला अजून कुणी फिरकलेलं नसतं. हा राग मला समजतो. त्यातून निघणारी मागणी मात्र पटत नाही. वाहनचालकांचा पिच्छा सोडा आणि चोरांच्या मागे लागा, ही मागणी ऐकायला सरळ आहे, पण दुखणं एकीकडे आणि मलम दुसरीकडे, असं तिचं झालं आहे.

लहान गावातली चोरी ही एका घराची नसते. शहरात शेजारच्या इमारतीत कडी तोडली गेली तरी समोरच्याला महिनाभर पत्ता नसतो. गावात उजाडायच्या आत आळीला कळतं, दुपारपर्यंत बाजारात कळतं, आणि त्या रात्रीपासून गावातलं प्रत्येक घर आतून दोन कड्या लावतं. एकटी राहणारी म्हातारी माणसं मुलीकडे झोपायला जातात. कुणी लग्नाला बाहेरगावी जायचं टाळतं. चोरीला गेलेल्या ऐवजाची किंमत पोलिसांच्या कागदावर येते, पण गेलेली झोप कुठल्याच रकान्यात बसत नाही. म्हणून ‘एवढीशी तर चोरी’ असं ठाण्यात ऐकायला मिळालं की माणूस अपमानित होऊन परततो. तोच माणूस संध्याकाळी नाक्यावर अडवला गेला तर त्याच्या मनात दोन्ही गोष्टींची बेरीज होणारच.

तरीही नाक्यावरचा तो पोलीस निरर्थक काम करतोय असं मी म्हणणार नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार 2022 मध्ये देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर मेली. त्याच वर्षी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने नोंदवलेले खून होते 28,522. म्हणजे खुनाच्या प्रत्येक गुन्ह्यामागे जवळजवळ सहा माणसं रस्त्यावर गेली. या मृत्यूंपैकी सुमारे दोन तृतीयांश ग्रामीण भागातले आहेत. महानगरांच्या कोंडीत गाडीला वेग घ्यायला जागाच नसते. माणसं मरतात ती गावाला लागून जाणाऱ्या मोकळ्या रस्त्यावर, वळणावर, अंधारात उभ्या ट्रॉलीवर आदळून. हेल्मेट नसताना मेलेल्यांचा त्या वर्षीचा आकडा 50,029 आहे. त्यात मागे बसलेलेही आहेत, ज्यांच्या डोक्यावर हेल्मेट असावं हे आपल्याकडे अजून कुणाच्या मनातही येत नाही. तेव्हा ज्या गावाला आपल्या माणसांचा जीव प्यारा आहे, त्या गावाने वाहनतपासणी बंद करा अशी मागणी करणं हे स्वतःच्याच पोरांच्या जिवावर उठणं आहे.

अमेरिकेत ओरेगन राज्यात 2003 साली पैशांअभावी राज्य पोलिसांच्या रस्त्यावरच्या गस्तीतले सुमारे 35 टक्के कर्मचारी एकदम कमी करावे लागले. नंतर अभ्यासकांनी अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दंडाच्या पावत्या घटल्याबरोबर जखमींची आणि मृतांची संख्या वाढलेली दिसली. पोलीस दिसेनासा झाला की पाय ॲक्सिलरेटरवर जास्त दाबला जातो, हे आपल्याला अनुभवानेही माहीत आहेच.

प्रश्न आहे तो कारवाई कशावर आणि कुठे होते याचा. एखादी साधी नाकाबंदी डोळ्यांसमोर आणा. सकाळचे अकरा वाजलेत. बाजाराकडे वळणाऱ्या चौकात बॅरिकेड लावलंय. तिथे वाहनं मुळातच वीसच्या वेगाने सरकतात. कॉलेजच्या पोराला बाजूला घेतलं जातं, लायसन्स विचारलं जातं. ते मोबाईलमध्ये आहे म्हटल्यावर ‘मूळ कागद दाखव’ असं सांगितलं जातं, जरी डिजिलॉकरमधली कागदपत्रं नियमानुसार ग्राह्य आहेत तरी. मग पीयूसी, मग नंबरप्लेट, मग आरसा. अर्ध्या तासात भरपूर चलानं होतात. आणि गावाबाहेरच्या ज्या वळणावर दरवर्षी कुणीतरी जातं, तिथे रात्री नऊ वाजता, दारू पिऊन सुसाट येणाऱ्या जीपला अडवायला कुणीही नसतं. मंत्रालयाच्याच आकडेवारीनुसार 2022 मधल्या रस्त्यावरच्या मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदलेलं आहे. वेग मोजायला यंत्र लागतं, योग्य जागा निवडावी लागते, रात्री उभं राहावं लागतं. कागद तपासायला यातलं काहीच लागत नाही. जे काम सोपं, तेच जास्त होतं.

अमेरिकेतल्याच उत्तर कॅरोलायना राज्यातल्या फेएटव्हिल शहराच्या पोलिसांनी 2013 ते 2016 या काळात हे उलटं करून पाहिलं. मागचा दिवा बंद आहे, नोंदणीची मुदत संपली आहे असल्या कारणांसाठी गाड्या अडवणं कमी केलं आणि वेग, सिग्नल तोडणं यांसारख्या जिवावर बेतणाऱ्या गोष्टींवर भर दिला. नंतरच्या अभ्यासात अपघाती मृत्यू घटल्याचं दिसलं, आणि किरकोळ कारणांवरून गाड्या अडवणं कमी केल्यामुळे गुन्हे मात्र वाढले नाहीत. फेएटव्हिल काही लहान गाव नव्हे, पण धडा लहान गावालाही लागू पडतो: कारवाई किती झाली यापेक्षा कशावर झाली याला महत्त्व आहे.

दंडातून येणाऱ्या पैशाची चटक लागली की गावाचे पोलीस काय होऊन बसतात, हे पाहायचं तर अमेरिकेतल्या छोट्या गावांकडे पाहावं, कारण तिथे दंडाचा पैसा थेट गावाच्या तिजोरीत पडतो. ओहायो राज्यात न्यू रोम नावाचं एक खेडं होतं. 2000 च्या जनगणनेत तिथे साठ माणसं होती. एका मोठ्या रस्त्याचा जेमतेम तीनशे मीटरचा तुकडा गावाच्या हद्दीत येत होता. त्या तुकड्यावर वेगमर्यादा अचानक ताशी 45 मैलांवरून 35 वर उतरायची, आणि गावाचे पोलीस तिथे दबा धरून बसलेले असायचे. गावाचं जवळजवळ सगळं उत्पन्न त्या पावत्यांवर चालत होतं. अखेर 2004 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ते गावच विसर्जित करण्यात आलं. फ्लोरिडातलं वॉल्डो हे हजारभर वस्तीचं गाव. तिथल्या पोलिसांनीच 2014 मध्ये गावच्या कौन्सिलपुढे उभं राहून सांगितलं की आमच्यावर पावत्यांचा कोटा लादला जातोय. कोटा लावणं त्या राज्यात बेकायदा होतं. त्याच वर्षी गावाने आपलं पोलीसदल बरखास्त केलं. वरिष्ठाविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या शिपायांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

अलाबामातल्या ब्रुकसाइडची गोष्ट ताजी आहे. साडेबाराशे वस्तीच्या या गावात 2018 ते 2020 या दोन वर्षांत दंड आणि जप्तीतून येणारं उत्पन्न 640 टक्क्यांनी वाढलं आणि गावाच्या एकूण उत्पन्नाचा निम्मा भाग बनलं. गावात गंभीर गुन्हे पूर्वीही फारसे नव्हते. वाढले ते पोलीस. 2022 च्या जानेवारीत स्थानिक पत्रकारितेने हे प्रकरण बाहेर काढलं आणि काही दिवसांत पोलीसप्रमुखाला राजीनामा द्यावा लागला.

आणि फर्ग्युसन. सेंट लुईसजवळच्या या एकवीस हजार वस्तीच्या गावात 2014 च्या ऑगस्टमध्ये मायकेल ब्राऊन या तरुणाला पोलिसाने गोळी घातली आणि गाव पेटलं. मार्च 2015 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याचा अहवाल आला. गोळीबारामागे कितीतरी वर्षं साचत आलेली चीड कशाची होती, हे त्यात पानोपानी दिसतं. गावचा वित्त अधिकारी पोलीसप्रमुखाला लिहीत होता की पावत्या वाढल्या नाहीत तर पुढच्या वर्षी वसुली वाढणं कठीण आहे. त्या अहवालातली एक बाई माझ्या डोक्यातून जात नाही. 2007 मध्ये तिने एकदा चुकीच्या जागी गाडी लावली. दंड 151 डॉलर आणि वर शुल्क. तिच्या हातात पैसे नव्हते, राहायला धड घर नव्हतं. तारखा चुकल्या, प्रत्येक चुकलेल्या तारखेचा वेगळा गुन्हा लागला, दोनदा अटक झाली, सहा दिवस तुरुंगात गेले. तिने 550 डॉलर भरले. डिसेंबर 2014 मध्ये तिच्या नावावर अजून 541 डॉलर निघत होते. अशा गावात घरात चोर शिरला तर ती बाई पोलिसांना बोलावेल का? रस्त्यावर काही पाहिलं तर सांगायला जाईल का? गुन्ह्याचा तपास लोकांनी दिलेल्या माहितीवर चालतो, आणि जो पोलीस फक्त पैसे घ्यायला समोर येतो त्याला कुणी माहिती देत नाही. दंड आणि शुल्कावर जास्त अवलंबून असलेल्या अमेरिकी गावांत गुन्हे उघडकीस येण्याचं प्रमाण कमी असतं, असंच तिथल्या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनाही आढळलं, आणि लहान गावांत ते अधिक ठळकपणे.

आपल्याकडे दंडाचा पैसा ठाण्याकडे राहत नाही आणि नगरपालिकेकडेही जात नाही. तो राज्य सरकारकडे जमा होतो. तेवढ्यापुरते आपण वाचलो. पण पैशाची जागा आपल्याकडे आकड्याने घेतली आहे. विशेष मोहीम झाली की प्रसिद्धीपत्रक निघतं: एवढ्या वाहनांवर कारवाई, एवढ्या लाखांचा दंड. त्या मोहिमेनंतर अपघात किती घटले, हे त्यात कधी वाचायला मिळतं का? दंडाची रक्कम हेच जणू कामाचं फळ, अशा थाटात ती छापून येते. वरच्या अधिकाऱ्याने आढावा बैठकीत हाच आकडा विचारला तर खालचा हवालदार दुसरं काय करणार? त्याला बाजाराच्या चौकातच उभं राहावं लागतं, कारण गावाबाहेरच्या वळणावर तासाला चारच गाड्या मिळतील.

ब्रिटनमध्ये 2000 सालापासून काही वर्षं वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचा खर्च दंडाच्या पैशातूनच भागवायची योजना होती. लोक चिडले. त्यांच्या शंकेला उत्तर म्हणून कॅमेरे लांबूनही दिसतील असे पिवळे रंगवले गेले आणि मुळात गंभीर अपघात झालेल्या जागीच ते बसवायचा दंडक आला. पुढे 2007 मध्ये दंड आणि खर्च यांची ही गाठ सोडवूनच टाकण्यात आली. आपल्याकडेही 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि कॅमेरे बसवलेल्या रस्त्याच्या टप्प्याआधी इशाऱ्याचा फलक लावणं बंधनकारक झालं. वाहनचालकाने वेग कमी करावा हा हेतू असेल तर कॅमेरा लपवायचं कारणच उरत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. चलान कसं होतं पाहा. हवालदाराच्या हातातल्या यंत्रात गाडीचा नंबर जातो, फोटो निघतो, ठिकाण आणि वेळ आपोआप नोंदली जाते, क्रमांक पडतो आणि काही क्षणांत मालकाच्या मोबाईलवर संदेश येतो. दोन वर्षांनीही ते चलान शोधता येतं. गाडी विकायला काढली तरी ते समोर येऊन उभं राहतं. राज्याने ठरवलं तर किती काटेकोर नोंद ठेवता येते, याचा हा उत्तम नमुना आहे.

त्याच ठाण्यात चोरीची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाचं काय होतं? ठाणे अंमलदार विचारतो, बिल आहे का? गाडी होती तर हँडल लॉक केलं होतं का? आधी इकडेतिकडे शोधा, कुणी ओळखीच्याने नेली असेल. मग सांगितलं जातं, एक अर्ज लिहून द्या, साहेब आले की बघू. माणूस शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातून कोरा कागद आणतो, ओट्यावर बसून अर्ज लिहितो. कधी त्यावर पोच मिळते, कधी तीही नाही. तो अर्ज म्हणजे गुन्ह्याची नोंद नव्हे, हे त्याला विमा कंपनीने एफआयआरची प्रत मागेपर्यंत कळत नाही. पुढे दोन-तीन चकरा, ‘तपास चालू आहे’ हे उत्तर, आणि मग तो जायचं सोडून देतो.

कायदा याच्या बाजूने आहे. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलिसांना दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येतो अशा गुन्ह्याची, माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात नोव्हेंबर 2013 मध्ये सांगून ठेवलं आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. नोंदीची प्रत फुकट द्यायची आहे. काही गुन्ह्यांत आधी प्राथमिक चौकशी करायची मुभा आहे, पण वरिष्ठांच्या परवानगीने आणि 14 दिवसांत. ठाण्याने नोंदवायला नकार दिला तर माहिती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. आणि कलम 193 म्हणतं की तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं. हा शेवटचा नियम किती लोकांना माहीत आहे? ठाण्याच्या भिंतीवर तो मोठ्या अक्षरांत लावलेला मला बघायचा आहे.

पण याच नव्या कायद्याने लहान गावांच्या बाबतीत एक गोष्ट अवघड करून ठेवली आहे. 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची साधी चोरी आता अदखलपात्र आहे. घर फोडून केलेली चोरी त्यात येत नाही, तिचं कलम वेगळं आहे. पण विहिरीवरच्या पंपाची केबल, स्टार्टर, सायकल, जुना मोबाईल, शेळीचं पिल्लू: गावाला रोज छळणाऱ्या चोऱ्या बहुतेक याच रेषेखाली पडतात. अशा तक्रारीवर एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, होते, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. ज्या शेतकऱ्याची केबल कापली गेली त्याचं पाणी भरायच्या ऐन दिवसांत पंप बंद पडून पीक जातं. मालाची किंमत आणि नुकसानीची किंमत यांत केवढं अंतर आहे! ठाण्याने एवढं तरी करावं की अशा प्रत्येक एनसीची जागा आणि तारीख एका नकाशावर मांडावी. एकाच शिवारात एकाच महिन्यात पाच केबली गेल्या तर तिथे एक टोळी काम करतेय, हे सांगायला कुठल्याही आदेशाची गरज नाही.

नोंद का होत नाही, याचं कारण अंमलदाराच्या आळसात शोधणं मला अन्यायाचं वाटतं. चोरी नोंदवली की ठाण्याच्या हद्दीतले गुन्हे वाढलेले दिसतात आणि न उलगडलेल्या गुन्ह्यांचा डोंगरही वाढतो. चलान केलं की कामगिरी वाढलेली दिसते. एका नोंदीने साहेबांची बोलणी बसतात, दुसरीने शाबासकी मिळते. या हिशेबात कुठलाही प्रामाणिक माणूस हळूहळू एका बाजूला कलतो. आणि यात आपलाही हात आहे. ‘अमुक हद्दीत चोऱ्या इतक्या टक्क्यांनी वाढल्या’ अशी बातमी आली की आपण लगेच त्या ठाणेदाराच्या नावाने खडे फोडतो. केरळमध्ये लोकसंख्येच्या मानाने नोंदलेले गुन्हे देशात वरच्या क्रमांकावर असतात. त्याचा अर्थ तिथे राहणं जास्त धोक्याचं आहे असा कुणी जाणकार लावत नाही, तिथे नोंद होते असा लावतो. नवा अधिकारी येतो, तक्रारी जशाच्या तशा नोंदवून घेतो आणि पहिल्या वर्षी आकडा फुगतो, तर त्या वर्षी गावाने त्याच्या पाठीशी उभं राहिलं पाहिजे.

‘गस्त वाढवा’ ही अशीच एक ठरलेली मागणी. निवेदन जातं, फोटो निघतो, आठवडाभर रात्री जीप सायरन वाजवत फिरते. अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये 1972-73 साली एक मोठा प्रयोग झाला. शहराचे पंधरा भाग निवडून काहींत गाडीची नेहमीची गस्त पूर्ण बंद केली, काहींत दुप्पट-तिप्पट केली, काहींत होती तशीच ठेवली. वर्षभराने पाहिलं तर चोऱ्यांत फरक पडला नव्हता आणि लोकांच्या भीतीतही नाही. नुसती फिरणारी जीप चोराला काहीच करत नाही. ती येऊन गेली की रस्ता मोकळा असल्याची खात्रीच त्याला मिळते. पुढच्या अभ्यासांतून हेही पुढे आलं की जिथे गुन्हे वारंवार घडतात त्या नेमक्या जागी पोलीस दहा-पंधरा मिनिटं थांबून गेला तर त्याचा परिणाम तो गेल्यावरही काही वेळ टिकतो. पण नेमकी जागा कळणार कशी? नोंदीतूनच. चोऱ्या अर्जांच्या गठ्ठ्यात पडून असतील तर गस्त घालणारा शिपाई आंधळाच फिरणार.

लहान गावात आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे ओळख. हवालदार इथलाच, नाहीतर पाच-दहा वर्षं इथे राहिलेला. अडवलेला पोरगा त्याच्या मुलाच्या वर्गातला. चलान करायला यंत्र काढलं की समोरचा फोन लावतो, ‘साहेब, जरा बोला’, आणि पलीकडे नगरसेवक, नाहीतर एखादा दादा, अण्णा. ‘आपलाच माणूस आहे, सोडून द्या.’ मग पावती फाटते ती बाहेरगावच्या नंबरप्लेटवर, किंवा ज्याच्या फोनमध्ये असा नंबरच नाही त्या मजुरावर. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या गावांचा अभ्यास झाला तेव्हाही हेच दिसलं होतं की बाहेरच्या चालकाला दंड होण्याची शक्यता जास्त, कारण तो त्या गावात मत द्यायला येत नाही. चोरी झाली की ‘नाकाबंदी का लावत नाही’ असं विचारणारे आणि नाकाबंदीत पोरगा अडकला की फोन फिरवणारे, पुष्कळदा तेच लोक असतात. तो फोन हवालदाराला शिकवतो की कायदा हा कुणासाठी आहे आणि कुणासाठी नाही. आणि हाच धडा तो चोरीच्या तक्रारीच्या वेळीही वापरतो: वजनदार माणसाची चोरी लगेच नोंदते, मजुराची सायकल अर्जावर राहते. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 210ब आलं, ज्यानुसार कायदा राबवणाऱ्यानेच नियम मोडला तर त्याला दुप्पट दंड आहे. पोलिसाच्या डोक्यावर हेल्मेट नाही म्हणून आपण मोबाईलवर फोटो काढतो, ते योग्यच आहे. पण आपण फिरवलेला फोन हाही त्याच नियमभंगाचा भाग आहे.

ठाण्यावरचा विश्वास उडाला की ती जागा रिकामी राहत नाही. तिथे अफवा येते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार केलं. ते भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. 16 एप्रिल 2020 च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे जमावाने एक गाडी अडवली. चोर, मुलं पळवणारे फिरताहेत अशी अफवा त्या भागात आधीपासून होती आणि लोक रात्री पहारा देत होते. गाडीतले दोन साधू आणि त्यांचा चालक, तिघेही मारले गेले, पोलिसांच्या समोर. काठ्या घेऊन रस्त्यावर उभं राहिलेलं गाव कुणाला अडवेल आणि त्याचं काय करेल, हे त्या गावालाही आधी ठाऊक नसतं. म्हणून चोऱ्या वाढल्या की तरुणांनी स्वतःच गाड्या अडवायला सुरुवात करावी, या सूचनेला मी कुठल्याही सभेत विरोधच करीन. ग्रामसुरक्षा दल असावं, पण ठाण्याच्या हजेरीवर, नावानिशी, ओळखपत्रासह, आणि संशय आला तर फोन करायचा, हात लावायचा नाही या अटीवर. रस्त्यावर वाहन अडवायचा अधिकार गणवेशातल्या माणसाकडेच राहिला पाहिजे. आणि तो त्याच्याकडेच राहावा असं वाटत असेल, तर चोरीची तक्रार त्याने त्याच दिवशी नोंदवून घेतली पाहिजे.

माणसं कमी आहेत, हे पोलिसांचं म्हणणं खरं आहे. एका ठाण्याखाली कितीतरी गावं येतात. तपास ज्याच्याकडे आहे तोच हवालदार उद्या मिरवणुकीच्या बंदोबस्ताला, परवा मंत्र्यांच्या दौऱ्याला, तेरवा न्यायालयात साक्षीला. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2006 मध्ये तपासाचं काम आणि कायदा-सुव्यवस्थेचं काम वेगळं करा असा निर्देश दिला होता. इतक्या वर्षांनंतरही लहान ठाण्यात सीसीटीव्हीचं चित्रण मागवायला जाणारा आणि नाक्यावर शिटी वाजवणारा माणूस एकच असतो. दुकानातल्या कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. बंदोबस्त संपवून हवालदार परत येईपर्यंत चोराचा चेहरा गेलेला असतो. दोन माणसं, फक्त दोन, तपासाला राखून ठेवा आणि त्यांना बंदोबस्ताला पाठवू नका, ही मागणी ‘गस्त वाढवा’पेक्षा कितीतरी उपयोगाची आहे.

सणांच्या आधी ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. सगळे पुढारी, मंडळांचे अध्यक्ष, पत्रकार येतात. त्याच माणसांनी चोऱ्या आणि वाहतुकीसाठीही अशी बैठक मागावी, आणि आधी लेखी पत्र देऊन तीन कागद मागावेत. गेल्या वर्षी अपघातात माणूस मेला वा जायबंदी झाला त्या जागांची यादी. गेल्या वर्षी चलानं झाली त्या जागांची यादी. ती यंत्रात तयारच असते. आणि चोरीच्या तक्रारी किती आल्या, त्यांतल्या किती एफआयआर झाल्या, किती एनसी, किती नुसत्या अर्जावर, आणि किती फिर्यादींना 90 दिवसांत तपासाची माहिती कळवली, याचा तक्ता. यात कुणाचं नाव लागत नाही, तपासाचं गुपित फुटत नाही. पहिल्या दोन याद्या शेजारी ठेवून बघाव्यात. जागा जुळत असतील तर दंड निमूट भरावा आणि पोरासाठी फोन करू नये. जुळत नसतील तर बाजाराच्या चौकातलं बॅरिकेड उचलून गावाबाहेरच्या त्या वळणावर न्यायला सांगावं, रात्री नऊनंतर. तिसरा कागद द्यायला ठाणं टाळाटाळ करत असेल, तर तोच कागद माहितीच्या अधिकारात अर्ज करून मागवावा आणि येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.